वांगी धरलेला वाफा

“सर, उपटलेल्या झाडांचे पण फोटो काढता का तुम्ही?”

हा प्रश्न मी इंद्रजित सरांना विचारला, तेव्हा पिंकी आणि जन्नत पाण्याच्या टाकीमागे तोंड दाबून बसल्या होत्या. पैज त्यांचीच. विचारलंस तर पौडच्या स्टँडवर वडापाव, नाही विचारलंस तर पर्यावरणमंत्रिपदाचा राजीनामा. शाळेच्या बालमंत्रिमंडळात यंदा मी पर्यावरणमंत्री आहे, नववीतून बिनविरोध, आणि राजीनामा देणाऱ्यांतली मी नाही.

इंद्रजित सर आमचे शिक्षक नाहीत. ते हिंजवडीच्या एका कंपनीतून येतात. महिन्यातल्या एका शनिवारी कंपनीची बस येते, सगळ्यांच्या अंगात एकसारखे हिरवे टीशर्ट, आणि प्रत्येक जण आमच्या परसबागेत एक रोप लावतो. फोटो निघतात. बस जाते. पुढच्या महिन्यात दुसरी माणसं, त्यांनाही रोप लावायचंच असतं. पण बागेत मातीचा वाफा एकच, बाकी सगळा मुरूम. मग आधीची रोपं काढायची. काढणार कोण? आम्ही. जूनमध्ये मिरची लावली, जुलैत उपटली. जुलैतले टोमॅटो कळी धरायच्या आत गेले.

यंदा आधी गणपती, मग दिवाळी, म्हणून त्यांच्या दोन फेऱ्या चुकल्या. तेवढ्यात ऑगस्टातल्या वांग्यांनी डाव साधला. पावसात दबून बसलेली रोपं बघता बघता माझ्या कमरेला लागली, जांभळी फुलं आली आणि गेल्या आठवड्यात चक्क वांगी धरली. आमच्या गावात बरीच घरं पावसाळ्यात वांगं सोडतात ते थेट चंपाषष्ठीपर्यंत. त्या दिवशी खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा, मग खायचं. आम्ही ठरवलं होतं, यंदा षष्ठीला शाळेच्या खिचडीबरोबर आपल्या वाफ्यातलं भरीत. खिचडी शिजवणाऱ्या सगुणामावशी वांगी भाजून द्यायला तयार होत्या. जन्नत म्हणाली, “आमच्यात असलं काही नसतं. तरी मी तुमच्यासाठी थांबलेय, हे लक्षात ठेवा.”

आणि षष्ठी आठवड्यावर आलेली असताना, गुरुवारी, इंद्रजित सर आले आणि आमच्या मोठ्या सरांना म्हणाले, “शनिवारी सत्तर लोक आहेत. उद्यापर्यंत बेड क्लिअर करून ठेवा.”

म्हणून तो प्रश्न.

सर हसले. “नाइस क्वेश्चन. नाव काय बेटा तुझं?”

“किमया. वांगी धरलीत सर झाडांना.”

“अगं, लोक इतक्या लांबून येतात. मातीत हात घालायचा एक अनुभव असतो. लावायलाच काही नसेल तर ते करणार काय?”

“आम्ही करतो ते. पाणी घालायचं, खुरपायचं.”

“त्यात मजा नाही गं.”

मजा. दिवाळीच्या सुट्टीत रोज सायकल हाणत येऊन पाणी घातलं आम्ही तिघींनी, आणि मजा ह्यांना पाहिजे.

मोठे सर मध्ये पडले. “किमया, वर्गात जा. आणि रोपं येतात कुठून, माहितीये ना? तुझ्याच पप्पांच्या नर्सरीतून. तक्रार घरी कर.”

टाकीमागचं हसू थांबलं. मला माहीत नव्हतं का? होतं. नर्सरीतले ट्रे मीच भरते. पण सरांनी ते असं तोंडावर मारलं, जसं काही रोपांबरोबर पप्पांनी माझं तोंडही विकलंय.

संध्याकाळी घरी आले तर पप्पा टेम्पोजवळ शनिवारचे ट्रे मांडत होते. मी वाकून पान बघितलं.

“पप्पा, परत वांगीच?”

“त्यांनी सांगितली तीच. तुमच्या शाळंत वांगं चांगलं जगतंय म्हनले.”

“जगलंय म्हणूनच तर उपटायला सांगितलंय.”

“गिऱ्हाईक हाय ते, किमे. नेलेलं रोप लावावं न्हाईतर शेळीला घालावं, आपल्याला काय करायचंय?”

हे कोण बोलतंय? कासार आंबोलीच्या बंगलेवाल्यांना फोन करकरून ‘आंब्याला पालवी फुटली का’ विचारणारा माणूस. एकानं पाणी न घालता लिंबू वाळवलं, तर पप्पांनी त्याला दुसरं रोप दिलं नव्हतं. मी तेच बोलून दाखवलं. “त्याला नाही म्हणालात, मग ह्यांना का नाही?”

पप्पा ट्रेमधली माती बोटानं दाबत राहिले. दाबायची काही गरज नव्हती.

आई ओट्यावर बाजरी निवडत होती. तिनं विचारलं, “झाडं फुलावर हायेत का फळावर?”

“फळावर. एक तर मुठीएवढं झालंय.”

“आन सटीच्या तोंडावर फळाचं झाड उपटायचं?” हे ती पप्पांना म्हणाली.

“मी उपटतोय व्हय?”

“मग काय मी?”

मी दप्तर खाली ठेवलं.

“दोघं ऐका. उद्या वाफा मोकळा होणार नाही. आम्ही पोरी उपटणार नाही, कुणाला उपटू देणार नाही. शनिवारी बस यायच्या आधी आम्ही खुरपी घेऊन वाफ्यात उभ्या असू. सत्तर जणांना मातीत हात घालायचाय ना, तर म्हणावं शेजारचा मुरूम खणा, शेणखत टाका, नवा वाफा करा. त्यात लावू दे तुमची रोपं, मी पाणी घालेन. नाही म्हणाले तर पप्पा, तुमचा एकही ट्रे खाली उतरणार नाही. मी टेम्पोतच बसून येणार आहे.”