दुसरा ठिपका

मी मुळात जॅमची बरणी. जॅम संपला, कुणीतरी माझं लेबल भिजवून काढलं आणि मला रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत आणून ठेवलं. त्याला नऊ वर्षं झाली.

माझ्यात नखभर द्रावक ओततात, आत पांढरी पट्टी उभी करतात आणि वर काचेची बशी झाकतात. पट्टीवर खाली पेन्सिलीची रेघ, रेघेवर नमुन्याचा बारीक थेंब. द्रावक पट्टीवरून वर चढतं, थेंबातले पदार्थ आपापल्या चालीनं त्याच्यामागे निघतात. पदार्थ शुद्ध असला तर जांभळ्या दिव्याखाली एकच ठिपका दिसतो.

संशोधन करणाऱ्या ताईंना सहा महिने दोन दिसत होते.

"दुसरा ठिपका जाईपर्यंत प्रबंधाचं नाव काढू नकोस," मार्गदर्शक सरांनी बजावलेलं. मुदत महिनाअखेर संपत होती. ताई पदार्थ पुन्हा पुन्हा शुद्ध करायच्या, दर वेळी निम्मा वाया जायचा. आता चिमूटभर उरला होता. दिवसाला वीस पट्ट्या पोटात घेऊन मीही थकले होते. माझ्याच अंगाला काही चिकटलंय की काय, असं वाटायचं. ताईंनाही तसंच वाटलं.

"ताई, अजून किती घासू हिला?" भांडी धुणाऱ्या मावशी वैतागल्या. "आधीचे एक सर पट्टीवर नमुन्याच्या शेजारी नुसत्या द्रावकाचा थेंब लावायचे. तुम्हीही लावून बघा की!"

"त्यात काय दिसणार, मावशी? माझं कपाळ?"

"दिसू दे. तेही एकदा कळेल."

ताईंनी चिडूनच ड्रॉपर द्रावकात बुडवला आणि सवयीनं गच्च भरला, पार वरच्या रबरी फुग्यात जाईपर्यंत. थेंब लावला. दिव्याखाली धरलं, तर पदार्थ नसलेल्या जागी, नेमक्या त्याच उंचीवर, तोच दुसरा ठिपका!

त्या फुग्याच्या रबरातलंच काहीतरी द्रावकात विरघळून दर नमुन्यात येत होतं, हे ताईंच्या लक्षात आलं. मग काचेच्या पिचकारीनं द्रावक घेऊन नवा नमुना विरघळवला. एकच ठिपका आला.

"म्हणजे हे आधीपासूनच शुद्ध होतं, मावशी?"

"पहिल्या दिवसापासून असेल."

ताई हसल्या आणि हसता हसता स्टुलावर बसून रडल्या. सरांनी पट्टी पाहिली, "बरं झालं, घे लिहायला," म्हणाले आणि निघून गेले.

जाण्यापूर्वी ताईंनी मला स्वतः धुतलं, पुसलं आणि फडक्यावर पालथं घातलं. उद्या माझ्यात पट्टी उभी करणाऱ्यांनो, नमुन्याशेजारी नुसत्या द्रावकाचा एक कोरा थेंब लावत जा. मी काच आहे, माझं निभतं. ताई मात्र सहा महिने चांगला माल भेसळीचा समजून धूत बसल्या.