हरली म्हण, मंग उघडतो

माझं नाव छकुली. हजेरीपटावरसुद्धा हेच. मी कधी मोठी होईन, हे बाबांच्या बहुतेक डोक्यातच आलं नाही. पण झाले! दहावीत आले, आणि मोताळ्याच्या आमच्या शाळेचा माइक गेल्या वर्षी माझ्या हातात आला. स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालन मीच केलं. हे आधीच सांगते, कारण पुढे तोच माइक धोक्यात येणार आहे.

झालं असं, की शाळेत पुष्पांजलीताई येणार असं ठरलं. त्या टीव्हीवरच्या मालिका लिहितात आणि बनवतात. मूळच्या इथल्याच, सातवीपर्यंत आमच्याच शाळेत. मुंबईला गेल्यावर सहा वर्षं त्यांचं काम काय, तर कालच्या सीनमध्ये सासूबाईंच्या कोणत्या हातात घड्याळ होतं ते वहीत लिहून ठेवायचं. मग एकदा लेखक आजारी पडला, आणि यांनी एका दुपारीत अख्खा भाग लिहून दिला. आता चार मालिका आणि कपाटभर पुरस्कार.

त्यांची स्टाईल मला पाठ आहे. त्यांच्या मालिकेत थोबाडीत बसली तर एकदाच बसते, तीन बाजूंनी तीनदा नाही. सुना झोपताना दागिने काढतात. माणसं जेवता जेवता भांडतात आणि भांडता भांडता भाजी वाढून घेतात. मध्येच कोणी काहीच बोलत नाही, इतका वेळ की बाबा उठून टीव्हीची वायर हलवून बघतात. आणि प्रत्येक मालिकेत एक पितळी डबा असतो. कोणीतरी तो हलवतं, खडखड वाजतो, पण उघडत कोणीच नाही. चार मालिका संपल्या, डबा बंद तो बंदच. एका पेपरात आलं होतं, की डबा म्हणजे स्त्रीचं मन. आई म्हणाली, "मन काय असं खडखड वाजते?"

पाहुण्यांचा परिचय माझ्याकडे आला तसा माझ्या वर्गातला कामरान लगेच म्हणाला, "अबे छकुली, मंग विचार न त्याइले, डब्यात काय आहे थे."

"विचारीन! स्टेजवर, साऱ्या शाळेसमोर उघडं करीन!"

"नाही झालं तं माइक माहा."

"जा, तुहा!"

कामरानचा आवाज माझ्यापेक्षा चांगला आहे आणि त्याला शेर पाठ आहेत. हे मी फक्त इथेच लिहिते आहे.

परिचयासाठी माहिती हवी, म्हणून मी आमच्या गल्लीतल्या जनकाबाईंकडे गेले. त्या ऐंशीच्या पुढच्या. टीव्ही बघत नाहीत, कारण त्यातले लोक आपलं ऐकत नाहीत.

"पुष्पी? थे हट्टी पोरगी?" जनकाबाई म्हणाल्या. "भुलाबाईचे गाणे म्हणाले आल्ती माह्या घरी. खिरापत ओळखता नाही आली तिले."

भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत आम्ही पोरी घरोघरी भुलाबाईची गाणी म्हणतो. शेवटी घरची बाई झाकलेला डबा आणते. तो हलवायचा, हुंगायचा, आणि आत कोणता खाऊ आहे ते ओळखायचं. नाहीच आलं तर 'हरलो' म्हणायचं, मग झाकण उघडतं.

"साऱ्या पोरी हरलो म्हने, हे म्हनेच ना. म्या म्हटलं, हरली म्हण, मंग उघडतो. तं कानावर हात ठेवून पळाली. कोणी सांगितलं तं कट्टी म्हने. मंग तिच्या बापाची बदलीच झाली."

मी जागच्या जागी उडी मारली. म्हणजे चार मालिका, कपाटभर पुरस्कार, आणि ताईंना स्वतःलाच माहीत नाही!

"काय होतं हो डब्यात?"

"तू खेळली होती का? मंग तुले कायले सांगू?"

मी तासभर गूळ लावला. शेवटी त्या एवढ्यावर तयार झाल्या: तोच डबा, तीच खिरापत, आणि त्या स्वतः पहिल्या रांगेत.

कार्यक्रमाच्या दिवशी परिचय संपवून मी नारळाच्या जागी पुष्पांजलीताईंच्या हातात तो पितळी डबा ठेवला. त्यांचा चेहराच बदलला.

"हा कोणाचा?"

"माहा," पहिल्या रांगेतून जनकाबाई म्हणाल्या. "चाळीस वर्सं झाले वं पुष्पे. ओळख आता."

ताईंनी चष्मा काढला. डबा कानाशी नेऊन हलवला. खड. खड.

"फुटाणे?"

"नाही."

"चिंचोके?"

"नाही."

"खारका!"

"तुह्या बापानं आणून देल्त्या मले खारका!"

सभागृह हसून लोळलं. ताई रेशमी साडीसकट स्टेजवर मांडी घालून बसल्या. पोरंही ओरडायला लागली. मागून कोणीतरी 'लाह्या' म्हणालं, तर जनकाबाई वळून म्हणाल्या, "लाह्या खडखड वाजतेत का बे, बह्याड?"

मग ताई गप्प झाल्या. अगदी त्यांच्या मालिकेतल्यासारख्या. बाबा असते तर वायर हलवली असती. त्या उठल्या, स्टेज उतरून जनकाबाईंसमोर उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "हरली."

जनकाबाईंनी झाकण जरासंच उचललं, फक्त ताईंच्या बाजूनं. ताईंनी बघितलं. हसल्या, मग डोळे पुसले, मग एक उचलून तोंडात टाकलं. कडकन आवाज झाला.

पाचशे पोरं उभी राहिली. मी धावत जाऊन ताईंच्या कानात म्हटलं, "मॅडम, सांगा न, नाहीतर माझा माइक जातो!" आणि पैजेचं सगळं सांगून टाकलं.

"आधी हरली म्हण."

हा शब्द मी जन्मात उच्चारला नव्हता. पण हळूच म्हटला. त्यांनी माझ्या कानात डब्यातलं नाव सांगितलं. "आता तू सांग त्यांना," म्हणाल्या.

मी माइक तोंडाशी धरला. इतकी शांतता! राष्ट्रगीताला पण कोणीतरी खोकतं, इथे कोणीच नाही. कामरान बाकावर चढलेला. पाचशे तोंडं उघडी, आणि ती मिटवणं माझ्या एका शब्दावर. ते नाव माझ्या जिभेवर अगदी आलं होतं.

मी म्हटलं, "यानंतर आभारप्रदर्शन."

जो काय गोंधळ झाला! जाताना ताईंनी माझा गाल ओढला. "पुढची मालिका लिहिताना डब्यात काय आहे ते मला पहिल्यांदाच माहीत असेल. अवघड करून ठेवलंस गं."

माइक कामरानला मिळाला. मी संमेलनाचं नाटक लिहिते आहे. त्यात डबा आहे. कामरान रोज मधल्या सुट्टीत वहीवर वाकतो.

"सांग न बे, काय होतं?"

"हरलो म्हण."

"अबे, पण जिंकलो तं मी!"

"मंग बस जिंकून."