कोठाराची छत्री

माझी नात मार्सेला पदवीधर झाली तेव्हा घरात एक ठरलं. ऑगस्ट संपेपर्यंत नोकरी मिळाली तर उत्तम. नाही तर तिने माझ्या मुलीच्या, म्हणजे तिच्या लिब्बी आत्याच्या, टर्की कोंबड्यांच्या फार्मवर कामाला जायचं. मार्सेलाने लहानपणापासून टर्कीचा धसका घेतलेला. टर्कींनाही ते ठाऊक असावं, तिला बघितलं की त्या घोळक्याने यायच्या.

कॉलेजात मुलांना नोकरीसाठी तयार करणारा एक विभाग आहे. त्याचे प्रमुख हार्लन बॉइस. त्यांचं म्हणणं, मार्क कोणी बघत नाही. हात घट्ट धरा, डोळ्यांत बघा आणि मुलाखत झाली की आभाराचं कार्ड पाठवा. सरावासाठी ते खोट्या मुलाखती घेतात. कंपनीही खोटीच, धान्याच्या कोठारांवर लावायच्या छत्र्या बनवणारी. कोठाराला छप्पर असतंच. म्हणून तर हार्लननी ही कंपनी काढली. तिथे कोणाचा काका कामाला असण्याची भीती नाही.

"पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?" त्यांनी मार्सेलाला विचारलं.

"कोठारावर," ती म्हणाली आणि घरी येऊन नेमाने कार्ड पाठवलं.

सरावाच्या मुलाखतीबद्दल आजवर कोणी आभार मानले नव्हते. हार्लन गहिवरले. विभागाची समिती बसली. इतकी रीतभात असलेल्या मुलीला नकार द्यायचा कसा? आमच्या नेब्रास्कात तोंडावर 'नाही' म्हणणं कोणाला जमत नाही. त्यांनी तिला त्याच छत्र्यांच्या कंपनीत नोकरीवर घेतलं.

"अगं, पण ती कंपनीच नाहीये!" मी म्हणालो.

"आजोबा, सुरुवातीला सगळीकडे असंच असतं."

ती रोज सरावाच्या खोलीत जाऊन प्लॅस्टिकच्या झाडाशेजारी बसायची. पगाराच्या चेकवर 'नमुना' असा शिक्का असायचा. बँकेतल्या बाईने तो परत केला, पण अभिनंदनही केलं. मी हार्लनना गाठून म्हणालो, "पोरीला खरं काय ते सांगा."

"सांगणारच आहे हो. पण पुढच्या आठवड्यात तिची बढती आहे. त्याआधी सांगणं बरं दिसत नाही."

ऑगस्ट संपला. लिब्बी पिकअप घेऊन कॉलेजात आली. मीही तिच्याबरोबर होतो. लिब्बी थेट खोलीत शिरली.

"चल गं मार्सेला, पुरे झाला खेळ. तुझ्या मापाचे गमबूट आणलेत."

मार्सेला उठली. तिने आत्याचा हात घट्ट धरला, डोळ्यांत बघितलं. "बसा ना."

लिब्बी बसली. त्या खुर्चीत बसलेला माणूस उत्तरं द्यायला लागतो, तिथली सवयच तशी.

"तुमच्या कोठारावर सध्या काय आहे?"

"छप्पर."

"आणि छपरावर?"

लिब्बीने माझ्याकडे बघितलं. "बाबा, छपरावर काय आहे हो?"

"काही नाही," मी म्हणालो. खोटं कसं बोलणार?

"काहीच नाही?" मार्सेला इतक्या हळू म्हणाली की कोपऱ्यात उभ्या असलेल्या हार्लननी डोक्यावरची टोपी काढली.

लिब्बीचा चेहरा पडला. "गेल्या साली गारांनी पोचे आले खरे. शेजारच्या ड्वेनने घेतलीय का छत्री?"

"अजून नाही."

"मग मला दोन दे. त्याच्या आधी!"

तिने तिथल्या तिथे चेक लिहून दिला. त्यावर 'नमुना' नव्हतं.

हार्लननी मला बाजूला ओढलं. "अहो कुचेरा, छत्र्या बनवणार कोण?"

"हे तुम्ही मुलाखतीत विचारायला हवं होतं," मी म्हणालो.

सध्या हार्लन ताडपत्री शिवतात. त्यांचा टाका बरा आहे. काल पहिली छत्री चढवली. मार्सेला कोठाराच्या माथ्यावर, लिब्बी खाली शिडी धरून, आणि शिडीभोवती झाडून साऱ्या टर्की माना वर करून उभ्या.

"मॅडम, जरा डावीकडे कलंडलीय!" लिब्बी ओरडली.

"आधी त्यांना लांब ने, आत्या," वरून आवाज आला, "मग तक्रारी ऐकते."