सहा वाजून बारा मिनिटांचा फोटो

मी एक जुना फोटोसाठा आहे, मित्रांनो. लोक मला ‘क्लाउड’ म्हणतात, म्हणून काहींना वाटतं की मी आभाळात राहतो. तसं नाही. दूरच्या एका थंडगार इमारतीत हजारो डिस्कवर माझे तुकडे ठेवलेले आहेत. नेवासा तालुक्यात उसाच्या कडेने झाडांना कॅमेरे बांधलेत. ते बिबट्याची ये-जा टिपतात आणि फोटो माझ्याकडे धाडतात. सात वर्षांत चाळीस लाख जमले. प्रत्येकावर जागा, तारीख आणि वेळ यांची चिठ्ठी असते. ती सांगा, मी क्षणात फोटो काढून देतो.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. मग फोटो इतके वाढले की कुणी बघेनासं झालं. वाऱ्याने हललेलं उसाचं सुकं पाचट, वाट चुकलेलं कुत्रं, बहुतेक असंच. राहुरीच्या वनविभाग कार्यालयातल्या अश्विनीताई तेवढ्या रोज माझं दार उघडत.

यंदा ऊसतोड सुरू असताना, एका संध्याकाळी सहाच्या सुमारास गावातल्या रविराज यांची शेळी नाहीशी झाली. तिचं दावं सापडलं ते गहिनीनाथच्या कोपीमागे, म्हणजे पाचटाच्या खोपटामागे. गहिनीनाथ पाथर्डीकडून तोडीला आलेला. झालं! मुकादमाने त्याचा कोयता काढून घेतला आणि हिशेब झाला की टोळी सोडायला सांगितलं. आठवड्याने अश्विनीताई गावात गेल्या. लोकांचं बोलणं त्यांनी मोबाईलवर रेकॉर्ड केलं, तेही माझ्याकडेच आलं.

“दाव्याला काय पाय फुटलं व्हय?” रविराज म्हणत होते.

“म्या चोर न्हाई,” गहिनीनाथ एवढंच सांगत होता.

बांधावरच्या चिंचेला कॅमेरा होता. ताईंनी त्या संध्याकाळचे फोटो मागितले. पाच अठ्ठावन्नचा होता, सहा एकतीसचा होता. मधला एकही नाही.

ताईंच्या मनात पाल चुकचुकली. पुढचं सगळं त्यांनी अहवालात काही न लपवता लिहिलंय, म्हणून मला ठाऊक.

कार्यालयातले कल्याण हे रविराज यांच्या भावकीतले. ताईंनी त्यांनाच गाठलं. “कल्याणभाऊ, मधले फोटो तुम्ही पुसलेत का?”

“मी? आणि कशाला?”

“रविराज तुमचे भाऊबंद ना? त्यांचा आळ खोटा ठरू नये म्हणून?”

कल्याण यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि ते बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी गहिनीनाथची बायको केशरबाई कार्यालयात आली. “ताई, कुत्र्यामांजराचं फोटू हायेत, आन आमच्या वक्ताचा तेवढा न्हाई? तुमचा ढग बी गावकऱ्यांचाच हाय का?”

ताईंनी लगेच संगणक सुरू केला.

माझ्याकडे कोण आलं, काय ठेवलं, काय पुसलं, याची नोंद असते. ती आजवर कुणी मागितलीच नव्हती. ताईंनी ती उघडली. शेळी गेल्याच्या तिसऱ्या दिवशी, संगणकाने ‘नुसतं पाचट’ म्हणून बाजूला काढलेले अकरा हजार फोटो एकदम पुसले होते. पुसणाऱ्याचं नाव होतं अश्विनी.

ते आपलंच नाव ताईंनी पुन्हा एकदा वाचलं. मग उठून कल्याण यांच्याकडे गेल्या. “चूक माझीच होती, भाऊ.”

“फोटो निघेल ना? मग आधी तो काढा,” ते म्हणाले. आवाज मात्र अजून कोरडाच होता.

पुसलेलं मी तीस दिवस मागे ठेवतो. फोटो निघाला. सहा वाजून बारा मिनिटं. पाचटाच्या रंगात मिसळलेला बिबट्या, जबड्यात शेळी, मागे फरपटणारं दावं, आणि तोंड कोप्यांच्या दिशेला.

ताईंनी तो गावात नेला. रविराज लॅपटॉपवर वाकले. “कान फाटल्याला हाय. माझीच शेळी.” मग त्यांनी मान वर केली नाही.

गहिनीनाथ हसला नाही. त्याने वळून आपल्या कोपीकडे बघितलं. “माझ्या कोपीमागनं गेला? आत लेकरं हुती हो!”

इतके दिवस गाव चोरावर डोळा ठेवून होतं. कोप्यांभोवती एक दिवा लावावा, हे कुणाला सुचलं नव्हतं. त्याच दुपारी रविराज यांनी स्वतः खड्डा खणून दिव्याचा खांब रोवला. मुकादमाने गहिनीनाथच्या हाती पुन्हा कोयता दिला.

मित्रांनो, ठेवायचं काम माझं, बघायचं तुमचं. भाराभर साठवून पाठ फिरवू नका, आणि पुसण्याआधी एकदा डोळ्यांखालून घाला. कुणाचा संशय आलाच, तर नोंदी जरूर उघडा. पण शोधायला सुरुवात आपल्या नावापासून करा.