पेन्सिल सरळ उभी धरा

मुलांनो, एक मोठा कोरा कागद जमिनीवर पसरा आणि त्यावर उजवा पाय ठेवून उभे राहा. कागद हाताशी नसेल तर मनातल्या मनात पसरा, तेही चालेल. आता समजा, कुणीतरी तुमच्यासमोर गुडघे टेकून बसलं आहे आणि पेन्सिलीने तुमच्या पावलाभोवती रेघ ओढतं आहे. पेन्सिल खांबासारखी ताठ असेल, तर कागदावर तुमचं पाऊल जसंच्या तसं उतरेल. ती आत कलली, तर तिचं टोक पावलाखाली शिरेल आणि कागदावरचं पाऊल खऱ्या पावलापेक्षा बारीक होईल. किती बारीक? एका बाजूला अर्ध्या करंगळीच्या जाडीएवढं. पण टोक खाली शिरलं की गुदगुल्या होतात. तुम्ही हसाल, पाय झटकाल आणि ती रेघ खोडून पुन्हा ओढली जाईल.

व्हर्न लिंडक्विस्टने पाय झटकला नाही.

"आजोबा, तुला गुदगुल्या होत नाहीत?" खाली बसलेल्या डेलाने विचारलं. डेला त्याची नात, नऊ वर्षांची.

"सॉमिलवाल्यांना होत नाहीत," व्हर्न खिडकीबाहेर बघत म्हणाला. "नोकरीला लागतानाच काढून घेतात."

डेला हसली आणि पेन्सिल टाचेकडे घेऊन गेली. कागदाच्या डोक्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'पेन्सिल सरळ उभी धरा'. तिने ते आधी मोठ्याने वाचलं होतं आणि सुरुवातही तशीच केली होती. पण पावलाच्या आतल्या बाजूला, जिथे कमान असते, तिथे हात अवघडतो. नऊ वर्षांच्या मुलीचा तर अवघडतोच.

उत्तर आयडाहोतलं आमचं गाव त्या एका सॉमिलवर, म्हणजे लाकूड कापायच्या गिरणीवर जगायचं. व्हर्न तिथे एकतीस वर्षं मेकॅनिक होता. करवतीचा पट्टा तुटला, साखळी अडकली, बेअरिंग जळलं की भोंगा वाजायचा आणि व्हर्न आपली लाल पत्र्याची पेटी घेऊन यायचा. त्या पेटीतला प्रत्येक पाना, प्रत्येक कानस, प्रत्येक पक्कड अमेरिकेत घडलेली होती. त्याची मोठी बहीण हिल्मा पूर्वेकडच्या एका गावात पान्यांच्या कारखान्यात पॉलिशच्या चाकावर बसायची. परदेशातून स्वस्त माल येऊ लागला आणि एका उन्हाळ्यात तो कारखाना बंद झाला. शेवटच्या दिवशी प्रत्येक कामगाराला पान्यांचा एकेक संच मिळाला. हिल्माने तिचा व्हर्नला पाठवून दिला. तेव्हापासून वस्तू हातात घेतली की व्हर्न आधी ती उलटी करून कुठे बनली ते बघायचा आणि परदेशी असली तर घ्यायचा नाही.

मिलमधले लोक त्यावरून त्याची टर उडवायचे. एकदा कुणीतरी विचारलं, व्हर्न, तुझा जेवणाचा डबा कुठला रे? व्हर्नने डबा उलटा केला आणि तळ वाचला. दुसऱ्या दिवसापासून तो कागदी पिशवीतून सँडविच आणू लागला.

डेलाची आई, म्हणजे व्हर्नची मुलगी जनेल, शहरात वृद्धाश्रमात नोकरीला होती. दर दुसऱ्या रविवारी यायची. डेला आजोबांकडेच राहायची आणि शनिवारी त्याच्याबरोबर ओपल टर्नबुलच्या हत्यारांच्या दुकानात जायची. व्हर्न चष्मा मुद्दाम घरी विसरायचा आणि वाचायचं काम तिच्यावर सोपवायचा. ती हातोडी उचलायची, दांडा फिरवायची, कोरलेली बारीक अक्षरं वाचायची आणि मान हलवून हातोडी परत ठेवायची. ओपलबाई एकदा म्हणाल्या होत्या, "व्हर्न, तुझी नात आणखी दोनदा आली तर मला दुकानाला कुलूप लावावं लागेल." दरवर्षी डेला जास्त वस्तू परत ठेवत होती, हे मात्र खरं.

बुटांचं तसंच झालं. व्हर्नचे जुने बूट तीनदा तळ बदलून घेतलेले. मे महिन्यात त्यांचं चामडं फाटून पुढची लोखंडी वाटी बाहेर दिसू लागली. फोरमनने सांगितलं, नवे घे, नाहीतर आत सोडणार नाही. ओपलबाईंच्या फळीवर बुटांचे चाळीस खोके होते. डेलाने सगळे वाचले. एकही चालला नाही. मग ओपलबाईंनी गल्ल्याखालून एक फॉर्म काढला. पश्चिमेकडच्या शहरात अजून एक जुना कारखाना होता, तिथे कागदावर पाऊल काढून पाठवलं की हाताने बूट शिवून देत. वेळ पाच महिने. किंमत व्हर्नच्या दोन आठवड्यांच्या पगाराएवढी. माप मीच घेते, असं ओपलबाई म्हणत होत्या, पण व्हर्न म्हणाला की आमच्या घरात डेलाइतका स्थिर हात कुणाचा नाही.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी तेव्हा फक्त व्हर्नला आणि त्याच्या डॉक्टरांना माहीत होती. व्हर्नला मधुमेह होता आणि त्याच्या पावलांतली संवेदना गेली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं की बूट ऐसपैस हवेत आणि तळवे रोज आरशात बघायचे. मिलमध्ये हे कळलं असतं तर त्याला यंत्रांपासून बाजूला केलं असतं. पुरी पेन्शन मिळायला चौदा महिने उरले होते. म्हणून तो गप्प होता. आणि म्हणूनच पेन्सिल पावलाखाली शिरली तेव्हा त्याला कळलं नाही.

तरीही चूक सुधारता आली असती. तीन आठवड्यांनी कारखान्यातून एका म्हाताऱ्या कारागिराचा फोन आला. डेला तेव्हा स्वयंपाकघरातच टेबलाशी बसून गणितं सोडवत होती. कारागीर म्हणाला की फॉर्मवर टेपचं माप रुंद पायाचं आहे आणि कागदावरचं पाऊल अरुंद आहे. दोन्ही जुळत नाहीत, कुठलं धरू?

व्हर्नने डेलाकडे पाहिलं. "टेप मी धरली होती, तीही चष्म्याशिवाय," तो फोनमध्ये म्हणाला. "कागद माझ्या नातीने काढलाय. कागदाप्रमाणे शिवा."

डेला खुर्चीत ताठ बसली. त्या संध्याकाळी तिने सगळी गणितं बरोबर सोडवली.

ऑक्टोबरात बूट आले. ओपलबाईंनी खोका उघडला तेव्हा दुकानभर चामड्याचा आणि तेलाचा वास पसरला. आत, नाडीखालच्या जिभेच्या मागे, शाईने लिंडक्विस्ट असं नाव घातलं होतं. व्हर्न बाकावर बसला आणि पाय घालू लागला. जाड मोजे घालून जाईना. त्याने ते काढले, पातळ घातले आणि भिंतीला हात टेकून जोर लावला तेव्हा टाच आत बसली.

डेला पलीकडे कानशींच्या फळीशी होती. खोक्याच्या तळाशी तिने काढलेले दोन्ही कागद घडी करून परत पाठवले होते. ओपलबाईंनी त्यातला उजवा उलगडून जमिनीवर ठेवला आणि म्हणाल्या, "बूट काढ. यावर उभा राहा."

व्हर्न उभा राहिला. पाऊल दोन्ही बाजूंनी रेघेच्या बाहेर आलं होतं.

ओपलबाईंनी डेलाकडे एकदा पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "परत पाठव. ते नवे करून देतात, पैसे घेत नाहीत."

"आणखी पाच महिने. फोरमनने हे येईपर्यंतचीच मुदत दिली होती."

"तोवर यातले घाल." त्यांनी फळीवरचा एक खोका त्याच्यापुढे सरकवला. व्हर्नने सवयीने त्यातला बूट उचलून उलटा केला, जीभ वर करून आतली चिठ्ठी लांब धरून वाचली आणि तो परत ठेवला.

"व्हर्न, पाय तुझा आहे. त्यावर कुठला शिक्का आहे ते कुणी वाचणार नाही."

"चामडं सैल पडतं, ओपल."

"एवढं नाही पडत."

"पडेल." त्याने वाकून कागद उचलला, दोन्हींची घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. "परत पाठवायचे तर कारण लिहावं लागतं. ती फॉर्म वाचते. सगळंच वाचते ती."

तेवढ्यात डेला आलीच. बूट बसले का, असं तिने विचारलं. व्हर्न म्हणाला, ओपलकाकूंना विचार. ओपलबाईंनी गल्ल्यावरची धूळ हाताने पुसली. ती पुसून झाल्यावर म्हणाल्या की फार सुरेख दिसतात.

नव्या जाड बुटांचा पहिला महिना सगळ्यांनाच काढावा लागतो. मिलमध्ये त्यावर विनोद होतात, कुणी म्हणतं रात्री पाण्यात घालून ठेव, कुणी म्हणतं बायकोला घालायला दे. व्हर्न लंगडतो आहे याचं कुणाला नवल वाटलं नाही. नोव्हेंबरात त्याला करंगळीच्या कडेला फोड दिसला. त्याने पट्टी बांधली. दुखत नव्हतं, त्यामुळे फोड बरा होतो आहे असं तो धरून चालला. मग बर्फ पडू लागला, अंधारात निघायचं आणि अंधारात परतायचं. आरसा न्हाणीघरात तसाच राहिला.

जानेवारीतल्या एका रविवारी जनेल आली आणि स्वयंपाकघराच्या दारातच थांबली. वृद्धाश्रमात काम करणाऱ्या माणसाला कुजलेल्या जखमेचा वास ओळखायला वेळ लागत नाही. तिने कोट न काढता वडिलांसमोर बसकण मारली आणि उजवा बूट ओढला. मोजा निघाला तो एकटा निघाला नाही.

शहरातल्या इस्पितळात आधी दोन बोटं काढली. आठ दिवसांनी पाऊल. फेब्रुवारीत गुडघ्याखालचा पाय. पुऱ्या पेन्शनला सहा महिने कमी पडले. मिलने लाल पेटी घरी पोचवली. मिलमधल्या माणसांनी तिच्यावर एक कार्ड चिकटवलं होतं, त्यावर सगळ्यांच्या सह्या होत्या आणि दुसरं काही लिहिलेलं नव्हतं.

जनेलने इस्पितळातच त्याला विचारलं होतं. डेला दारापाशी उभी होती.

"बाबा, बूट लहान होते का?"

"बूट चांगले होते," व्हर्न म्हणाला. "साखर वाईट होती."

यातलं दुसरं वाक्य खरंच होतं, आणि डॉक्टरही तेच म्हणाले, म्हणून पहिलं कुणी तपासलं नाही.

मार्चमध्ये ओपलबाई घेवड्याचं सूप घेऊन आल्या. कृत्रिम पाय मिळणार होता आणि त्याच्या जोडीला डाव्या पायाला नीट बूट लागणार होता. एकच बूट शिवून द्यायला कारखाना तयार होता. त्यांनी कोरा फॉर्म आणला होता. व्हर्नने तो घड्याळाच्या मागे खोचून ठेवला. डेलाने दोनदा विचारलं, बघू पुढे, असं तो म्हणाला.

एप्रिलमधला शनिवार. आता दुकानात जाणं नव्हतं, म्हणून डेला शनिवारी पेटीतल्या हत्यारांना तेल लावायची. हिल्माचे पाने झाले, पकडी झाल्या. कानशी ती नेहमी वरवर पुसायची. त्या दिवशी तिने त्या सगळ्या बाहेर काढल्या. खालच्या कप्प्यात तळाशी तेलाचे डाग पडलेली कागदाची घडी होती.

व्हर्न खिडकीपाशी खुर्चीत झोपला होता. डावं पाऊल उघडं होतं. डॉक्टरांच्या सांगण्यावरून रोज वारा लागू द्यायचा होता. डेलाने डाव्या पायाचा कागद उलगडला आणि त्या पावलाशेजारी जमिनीवर ठेवला. ती बसली आणि बघू लागली. कागदावरच्या पावलाची कमान खऱ्या पायापेक्षा खोल होती. चवडा बारीक होता. तिने दोन्हींची रुंदी बोटांनी मोजून पाहिली. मग कागदाच्या डोक्यावरची ठळक अक्षरं वाचली, या वेळी मनात.

चूल शांत झाली होती. बाहेर छपरावरचं बर्फाचं पाणी ठिबकत होतं.

डेला उठली. तिने घड्याळामागचा फॉर्म काढला. मग पेटीतून आजोबांचा छोटा पोलादी गुण्या आणला, लाकडाचा कोपरा काटकोनात आहे की नाही हे पाहायचा. परत आली तेव्हा व्हर्नचे डोळे उघडे होते. त्याने जमिनीवरचा जुना कागद पाहिला, तिच्या हातातला नवा पाहिला.

"कुठे मिळाला?"

"कानशींच्या खाली."

व्हर्नने खुर्चीचा हात धरला. "डेला, साखरेमुळे माणसाला—"

"पाय उचल," डेला म्हणाली.

त्याने पाय उचलला. तिने कागद खाली सरकवला, आणि त्याने पाऊल हळूच त्यावर ठेवलं. ती पोटावर पालथी झाली, गाल जमिनीला टेकवला, गुण्या कागदावर उभा केला आणि त्याच्या उभ्या कडेला पेन्सिल चिकटवून टाचेपासून रेघ ओढायला सुरुवात केली. कमानीपाशी आली तेव्हा व्हर्नने पाय जरासा झटकला.

"गुदगुल्या होतात," तो म्हणाला.

पेन्सिल पावलाखाली शिरलीच नव्हती. डेला हसली नाही. पाय पुन्हा स्थिर होईपर्यंत ती थांबली, आणि मग तिने गुण्या अंगठ्याकडे सरकवला.