वर्णनावरून

अंगठ्याच्या नखावर तांबोशा माशाचं एक खवलं चिकटून बसलं होतं... मासळीबाजारात टोपलीमागे बसलेली मथुरा ते दुसऱ्या नखाने खरवडत राहिली, कारण मान वर केली असती तर समोर समीक्षा दिसली असती. दवाखान्यातली समीक्षा, वाडीतलीच पोर, एरवी ‘काकी, सुंगटां आसत?’ म्हणत कोळंबीच्या टोपलीत हात घालणारी. आज मात्र टोपलीपासून लांब उकिडवी बसून पुस्तकातलं मराठी बोलत होती.

“मावशी, जामसंड्याला तुम्ही क्षयाच्या गोळ्या घेता. आणि खारेपाटणच्या शिबिरात ती एचआयव्हीची तपासणी... ती तुमचीच ना? दोन्ही उपचार एकत्र करायचेत. तुमच्याच भल्यासाठी.”

भल्यासाठी! शेजारी यशोदा आडाळ्यावर मासे कापत होती — तिचा हात थांबला की काय?

“तुका कोणी सांगल्यान?”

“कुणीच नाही. वरच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर दोन्हीकडच्या नोंदी जुळवल्या. नावं आधीच काढून टाकतात हो, कुणाला काही कळत नाही.”

“मगे माझ्याकडेच कशी इलंस?”

“वर्णनावरून,” समीक्षा म्हणाली, आणि मथुराच्या डाव्या हाताच्या अर्ध्या करंगळीकडे नजर जाताच ओशाळली.

वर्णनावरून... नवरा गोव्याच्या ट्रॉलरवरून ते दुखणं घेऊन आला आणि गेला. त्यानंतर देवीला कौल लावायला जाते असं सुनेला सांगून, दोन एस्ट्या बदलून ती इतक्या लांब खारेपाटणला गेली होती, ती कोणी ओळखू नये म्हणूनच ना? तिथे नाव सांगितलं पद्मावती, वारलेल्या बहिणीचं. तेवढंच खोटं. औषध देणाऱ्याशी खोटं बोललं की गुण येत नाही, असं आई सांगायची. म्हणून बाकी सगळं खरं सांगितलं — वय, धंदा, तुटलेली करंगळी, गेलेली दोन पोरं. त्या एका खोट्याची परतताना देवीकडे माफीही मागितली. आणि यांनी काय केलं? नेमकं ते खोटं तेवढं पुसलं, आणि माझ्या सगळ्या खऱ्याची मोट बांधून माझ्याच दारात आणून टाकली! कोणी विचारलं मला? माझी मेलेली पोरं मी बरं होण्यासाठी सांगितली होती, माग काढायला दिली नव्हती. उद्या सून नातवाला मांडीवर देईल? ही टोपली कोण रिकामी करील?

“हो की नाही, एवढंच सांगा, मावशी.” समीक्षाचा आवाज अगदी मऊ होता. त्या मऊपणाचाच मथुराला संताप आला.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक वाकलं. “तांबोसो आजचो मां गो?”

आजचाच होता. पहाटे होडीवरून तिने स्वतः उचललेला, डोळे अजून काचेसारखे. उभ्या जन्मात शिळ्याला ताजं म्हटलं नव्हतं तिने... पण आता ते साधं खरं जिभेवर आलं आणि तिथेच अडलं — तेच ‘हो’ समीक्षानेही उचललं असतं. गिऱ्हाईक वाट पाहत होतं, समीक्षाही. मथुराने खवल्याचं नख मुठीत धरलं आणि ओठ घट्ट मिटले.