जावई कार्ड

आशाला त्या कार्डाचा पहिल्यापासून राग. राग किती, तर तिने त्याचं नावच पाडलं होतं, जावई कार्ड. "उशिरा येणार, जास्त खाणार, आणि वर मानपान आपणच करायचा," असं ती म्हणायची. तिचा नवरा धनराज हसून म्हणायचा, "अगं, मी पण कुणाचा तरी जावईच आहे." "म्हणूनच सांगतेय," आशा म्हणायची.

गोष्ट दोन हजार सातची. पंचवटीतल्या भाड्याच्या घरात पुढच्या खोलीत आशाचं दुकान होतं. दुकान म्हणजे पाटी नाही, गल्ला नाही. एक कॉम्प्युटर, तांब्या-पितळेच्या भांड्यांची खोकी आणि भांड्यावर नाव घालायचं विजेचं पेन. माहेर तांबटाचं, त्यामुळे माल पारखायला तिला कुणी शिकवावं लागलं नाही. वेबसाइट मात्र पुण्याच्या एका कंपनीकडून तयार साच्यातली घेतलेली. भांडं निवडा, नाव लिहा, कार्डाने पैसे भरा, आम्ही नाव घालून घरपोच पाठवतो. अहो, आहेराच्या भांड्यावर नाव नको का? नाहीतर आहेर कुणाचा हे कळणार कसं? अमेरिकेत जाऊन बसलेल्या माणसालाही ते लागतंच, आणि तिकडे नाव घालून देणारं कोण बसलंय!

त्याआधी आठ वर्षं ती सिन्नरच्या एका कारखान्यात पॅकिंगला होती. जाताना एसटीत उभं, येताना एसटीत उभं, आणि मधल्या वेळात टेबलापाशी उभं. तिथे तिला कुणी कधी नावाने हाक मारली नाही. "ए पॅकिंग" म्हणायचे. ते सोडून तिने हे मांडलं तेव्हा ओझरला नोकरी करणाऱ्या धनराजने स्पष्ट सांगितलं होतं, "दिवाळीपर्यंत बघ. नाही चाललं तर पुन्हा सिन्नर." तो काही वाईट माणूस नव्हता. एका पगारात भागत नव्हतं, एवढंच. पण सिन्नर म्हटलं की आशाला ते "ए पॅकिंग" ऐकू यायचं.

आणि दुकान काही धड चालेना. गिऱ्हाईक यायचं, भांडी बघायचं, नावसुद्धा लिहायचं, आणि पैसे भरायच्या पानावरून परत फिरायचं. मग ईमेल यायची, की तुम्ही ते अमुक कार्ड घेत नाही का? नव्हती घेत. हेच ते जावई कार्ड. साध्या कार्डावर शेकड्याला तीन रुपये कापले जायचे, ह्यावर साडेसहा. शिवाय पैसे महिन्याभराने.

"घेऊन टाक ना," धनराज म्हणायचा. "माघारी गेलेल्या गिऱ्हाइकाचे किती टक्के मिळतात तुला?"

"आणि मला सुटतात किती? जेमतेम बारा. त्यातले साडेसहा त्यांना दिले तर मी काय तांबं चाटू?"

"मग त्या कार्डवाल्यांना भाव वाढवून लाव."

"तसं चालत नाही! करारातच आहे, सगळ्यांना एकच भाव. म्हणजे सगळ्यांचाच वाढवायचा. त्या कार्डवाल्या बाईला तिकडे खरेदीवर पॉइंट मिळणार, त्या पॉइंटांवर ती विमानाने फिरणार, आणि ते पैसे भरणार कोण, तर माझ्याकडून रोखीने तांब्या घेणारी शेजारची चिमणाबाई. हा कुठला न्याय?"

पण न्यायाने दुकान चालत नसतं. गणपती गेले, पितृपक्ष लागला, आणि दिवाळी दिसायला लागली.

तेवढ्यात नलिनीताई ओढेकरांची ईमेल आली. मूळच्या नाशिकरोडच्या, आता न्यू जर्सीत. नवऱ्याची साठीशांत होती. दिनकररावांचं हृदयाचं दुखणं होतं, म्हणून शांत अगदी थाटात, सगळी माणसं बोलावून करायची होती. येणाऱ्या प्रत्येकाला नाव घातलेलं तांब्याचं फुलपात्र द्यायचं, एकशे एक नग. पण कार्ड तेच, जावई कार्ड. त्यावर घेत असाल तर सांगा.

आशा दिवसभर तणतणत होती. संध्याकाळी धनराज आला तेव्हा तिने फक्त एवढंच म्हटलं, "घेतला जावई घरात."

आणि मग ती कामाला बसली. नाव घालायचं काम सोपं नाही. पेन थरथरतं, हाताला मुंग्या येतात, आणि तांब्यावर उमटलेलं अक्षर पुसता येत नाही. आठवडाभर ती फुलपात्रं मांडीवर घेऊन अक्षरं कोरत होती आणि डोक्यात एकच हिशेब चालू होता. साडेसहा गेले, कुरिअरचे गेले, खोक्याचे गेले, राहिलं काय? पुढच्या महिन्याचं भाडं निघेल का? हात आपला चालत होता. "श्रीमती नलिनी दिनकर ओढेकर यांजकडून सप्रेम भेट." एकशे एक वेळा.

माल गेला. वेळेत पोहोचलाही. शांत झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ईमेल आली. वर नमस्कार नाही, खाली नाव नाही. एका फुलपात्राचा फोटो आणि एक ओळ, 'तुम्ही मला माझ्या नवऱ्यासमोर विधवा केलंत.'

आशाने ते वाचलं आणि फोटो मोठा करून बघितला. आपल्यात नवरा असलेली बाई सौभाग्यवती, तिच्या नावामागे सौ. लागतं. श्रीमती लागतं ते नवरा गेल्यावर. हे काय आशाला माहीत नव्हतं? शेंबडं पोरसुद्धा सांगेल! पण वेबसाइटच्या तयार साच्यात नावाआधी निवडायला इंग्रजीतलं मिस्टर होतं, मिसेस होतं, मिस होतं. सौ. नव्हतंच. साचा करणाऱ्याला त्याचं काय! नलिनीताईंनी मिसेस निवडलं. आणि आशाने, तांबटाच्या लेकीने, साठीशांतीच्या आहेरावर त्याचं सरळ श्रीमती करून कोरलं. हवन चालू असताना कुणा म्हातारीने फुलपात्र हातात घेऊन मोठ्याने वाचलं होतं म्हणे.

चार दिवसांनी कार्डवाल्यांचं कळवणं आलं. गिऱ्हाइकाची तक्रार आहे, पैसे रोखले आहेत. त्या कार्डाचं असंच असतं. गिऱ्हाईक म्हणेल ते आधी खरं, त्याचेच तर ते साडेसहा घेतात. दुकानदाराचं काही म्हणणं असेल तर पुराव्यासह पाठवा.

धनराजने ऑर्डर उघडून बघितली आणि टेबलावर थाप मारली. "हे बघ! तिने स्वतः निवडलंय. मिसेस, म्हणजे श्रीमतीच की! पाठव हे, जिंकलो आपण."

"मी नाही पाठवणार."

"वेडी आहेस का? सगळा माल गेला, पैसे गेले. हे नाही मिळाले तर दिवाळीची वाटसुद्धा बघायला नको, उद्याच सिन्नर."

"अहो, तिने इंग्रजीत निवडलं. इंग्रजीत ते बरोबरच आहे. मराठीत मी लिहिलं, माझ्या हाताने." आशाने ईमेलमधल्या फोटोवर बोट ठेवलं. "त्या बाईला मी काय सांगू, की विधवा तूच झालीस, माझा काय दोष?"

धनराज उठून बाहेर गेला. दारात उभा राहून म्हणाला, "मग डबा भरायची तयारी कर."

रात्रभर आशाच्या डोळ्यांसमोर तो कारखाना होता. तिला पैसे हवे होते, अगदी जीव तोडून हवे होते, उगाच कशाला खोटं सांगायचं. पण सकाळी उठून तिने पुरावा पाठवला नाही, फोन लावला. माफी मागायची, नवीन फुलपात्रं स्वतःच्या खर्चाने पाठवते म्हणायचं, आणि तक्रार मागे घ्या म्हणून पाया पडायचं, असं ठरवून ठेवलेलं.

"नाशिकहून आशा बोलतेय, भांडीवाली."

"ओळखलं," पलीकडून नलिनीताई म्हणाल्या. आवाज शांत होता, राग नव्हताच त्यात.

"ताई, चुकलं माझं. पोटात घाला. सगळी नव्याने करून देते, सौ. घालून. एक पैसा नको मला त्याचा."

"नको आता."

"असं नका हो करू ताई..."

"हे गेले," नलिनीताई म्हणाल्या. "परवा गेले, झोपेतच. वाटली नव्हती ना ती फुलपात्रं, तशीच पडून आहेत. आता तेराव्याला वाटते." मग म्हणाल्या, "आता बरोबरच आहे की नाव. तक्रार मी काढून घेतलीय. तुमचे पैसे अडकायला नकोत."

फोन आशाच्या कानाला तसाच, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी.

पैसे आले. साडेसहा टक्के कापून, बाकी सगळे. घरभाडं गेलं, सिन्नर टळलं. तेराव्याला आलेल्या लोकांनी घरी फुलपात्रं नेली, त्यांतल्या काहींनी ऑर्डरी पाठवल्या, बहुतेक सगळ्या जावई कार्डावर. आशाने सगळ्यांचे भाव थोडे वाढवले, चिमणाबाईचेही. वेबसाइटवर सौ. घालून घेतलं. दिवाळीत दुकान उभं होतं. धनराज तिला म्हणाला, "बघ, मी म्हणत नव्हतो? घ्यायलाच हवं होतं ते कार्ड." आपण कोरलं म्हणून माणूस जात नसतो, हे तिला धनराजने दहादा समजावलं, तिला ते पटतही होतं. पण पेन हातात घेतलं की ती ते पुन्हा खाली ठेवायची.

आता बाईचं नाव आलं की ती आधी फोन लावते. ऑर्डर साताऱ्याची असो नाहीतर न्यू जर्सीची. आणि जे कुणी कुणाला विचारू नये ते विचारते.

"ताई, तुमचे मिस्टर आहेत ना?"

कुणी भडकतं, कुणी ऑर्डरच रद्द करतं. "असं कुणी विचारतं का?" धनराज ओरडतो, "गिऱ्हाईक पळवशील सगळं!" पळेना का. पलीकडची बाई "आहेत हो" म्हणेपर्यंत आशाच्या जिवात जीव नसतो, आणि त्यानंतरच ती पेनाचं बटण दाबते.